ड्रोनचा गिंबल अडकतो, थरथरतो, वाकडा दिसतो: कॅलिब्रेशनच्या बटणाआधी करायची कामं

गिंबलची (ड्रोनचा कॅमेरा मोटरींवर तोलून स्थिर ठेवणाऱ्या भागाची) तक्रार घेऊन आलेल्याला 'आतापर्यंत काय काय केलंत?' असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. 'कॅलिब्रेशन केलं. अर्ध्यावर थांबलं. म्हणून परत केलं.' बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलाही माणूस असो, चूक हीच. क्रम उलटा लागतो आणि दोनशे रुपयांच्या रबरावर भागलं असतं तिथे अख्खा गिंबल बदलावा लागतो.

कॅलिब्रेशन चालू असताना ड्रोन तिन्ही मोटरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून 'सरळ कुठे' हे ठरवत असतो. वाटेत खडा असेल, गिंबलचा हात वाकलेला असेल, रिबन केबल अर्धी फाटलेली असेल, तर मोटर जोर लावते, तापते आणि अर्धी फाटलेली केबल पूर्ण फाटते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डोळे, मग बोटं, मग सफाई, मग वीज, मग सेटिंग, त्यानंतर कॅलिब्रेशन, आणि शेवटी उड्डाण.

पुढची माहिती डीजेआयच्या मिनी, एअर आणि मॅव्हिक या घडी होणाऱ्या ड्रोनना धरून आहे, कारण आपल्या भागात लग्नाच्या आणि यूट्यूबच्या कामाला तेच जास्त दिसतात. दुसऱ्या कंपनीच्या ड्रोनला मेन्यूची नावं बदलतील, क्रम बदलत नाही.

## तयारी

हे काम दिवसाउजेडी करा. वरात संपवून रात्री बारा वाजता घरी आल्यावर, उद्या सकाळी दुसरं लग्न आहे म्हणून घाईत गिंबल उघडणं, हेच बहुतेक नुकसानाचं मूळ आहे. उद्याचं काम असेल तर दुसऱ्याचा ड्रोन मागून घ्या, पण हा तसाच बाजूला ठेवा.

सर्वांत आधी कार्डावरचं फुटेज संगणकात उतरवून घ्या. काही मॉडेलमध्ये ड्रोनच्या आतही साठवण असते, तीही बघा. ड्रोन दुरुस्तीला गेला की आतलं फुटेज परत मिळेल याची खात्री कुणी देत नाही, आणि ते फुटेज तुमचं नसतं, त्या घरचं असतं.

जवळ घ्यायचं सामान:

- लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर, ज्याचा फुगा हाताने दाबतात
- मऊ केसांचा बारीक ब्रश
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या
- टॉर्च आणि भिंग. भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याचा मॅक्रो चालतो
- प्लास्टिकचा चिमटा
- ड्रोनसोबत आलेला छोटा स्क्रूड्रायव्हर
- पूर्ण चार्ज केलेली बॅटरी

अल्कोहोलच्या जागी हॅन्ड सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव वापरू नका. सॅनिटायझरमधला चिकटपणा मागे राहतो आणि त्यावर आणखी धूळ बसते. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लास्टिक खातं.

जागा सपाट हवी. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा चांगला, पण बहुतेक ओट्यांना सिंककडे किंचित उतार असतो. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप ठेवून बघा. जुन्या घरातली फरशी किंवा परड्यातला दगडी कट्टा डोळ्यांना सपाट वाटतो, प्रत्यक्षात नसतो.

इशारा: ड्रोन वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका. या लेखातली तपासणी आणि सफाई एकही स्क्रू न काढता होते. फक्त मिनीची पाती बदलताना तिचे स्क्रू काढावे लागतात, त्याला हरकत नाही.

## १. लक्षण लिहून काढा

स्क्रीनवर जो संदेश आला त्याचा स्क्रीनशॉट घ्या. 'गिंबल एरर आला होता' एवढ्या सांगण्यावरून काही कळत नाही. 'गिंबल मोटर ओव्हरलोडेड', 'गिंबल स्टक' आणि 'गिंबल कॅलिब्रेशन फेल्ड' हे तीन वेगळे संदेश आहेत आणि तिघांची वाट वेगळी आहे.

मग स्वतःला विचारा: हे चालू करतानाच होतं की हवेत गेल्यावर? वाऱ्यात होतं की शांत हवेतही? स्पोर्ट मोडमध्येच होतं का? याआधी ड्रोन कधी पडला, फांदीला लागला, हातावर उतरवताना निसटला? ड्रोन पडला होता हे बरेच जण सांगत नाहीत, विशेषतः ड्रोन भाड्याचा असेल तर. दुरुस्त करणाऱ्याला ते सांगा. त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

लक्षणावरून कुठे बघायचं, ते साधारण असं:

- चालू करताच घरघर आणि ओव्हरलोडचा संदेश: कव्हर काढायचं राहिलं, काहीतरी अडकलं, हात वाकला किंवा वर जड फिल्टर बसवला आहे.
- मोबाईलवर चित्र येतं, पण कॅमेरा मान टाकून लोंबतो: मोटरला वीज पोचवणारी रिबन केबल किंवा स्वतः मोटर.
- कॅमेरा छान सावरतो, पण स्क्रीन काळी किंवा करडी: चित्र वाहून नेणारी केबल.
- चित्र आणि हालचाल दोन्ही बंद: कनेक्टर निसटला आहे किंवा बोर्डात दोष आहे.
- चित्र लहरतं, सरळ भिंत नागमोडी दिसते, ज्याला आपण जेलो म्हणतो: पाती, डॅम्परचे रबर, शटरचा वेग.
- क्षितिज कायम एकाच बाजूला झुकलेलं: सेटिंग, आयएमयू (ड्रोनचा कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) किंवा वाकलेला हात.
- क्षितिज फक्त जोराच्या वळणावर किंवा वाऱ्यात झुकतं: बहुधा बिघाड नाहीच. पुढे सातव्या टप्प्यात बघू.

## २. बॅटरी काढून हाताने तपासणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक दोष याच टप्प्यावर सापडतात आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात.

बॅटरी काढा. नुसता ड्रोन बंद करून भागत नाही, बॅटरी बाहेर हवी. गिंबलचं कव्हर काढा. आता कॅमेरा सैल पडलेला दिसेल. तसाच दिसायला हवा. वीज नसताना कॅमेऱ्याला धरून ठेवणारं काही नसतं. कॅमेरा बंद ड्रोनमध्येही ताठ उभा राहत असेल, तर ते अडकल्याचं लक्षण समजा.

बोटाच्या टोकाने कॅमेरा हळू हलवा. तीन दिशा आहेत: वर-खाली, म्हणजे पिच किंवा टिल्ट, डावी-उजवीकडे कलणं, म्हणजे रोल, आणि मान वळवल्यासारखं फिरणं, म्हणजे यॉ किंवा पॅन. तिन्हीकडे हालचाल एकसारखी मऊ लागली पाहिजे. कुठे खरखर लागली, मधेच टचकन अडखळलं, किंवा एका जागी घट्ट आणि पुढे सैल वाटलं, तर तीच जागा लक्षात ठेवा.

जोर लावू नका. छोट्या ड्रोनचा गिंबल मान फार वळवत नाही. मिनी २ मध्ये तो बाजूला जेमतेम २० अंश वळतो, पुढे आतला आडोसा लागतो. तो आडोसा म्हणजे दोष समजून लोक पिळतात आणि चांगला गिंबल बिघडवतात.

आता टॉर्च घ्या आणि कॅमेऱ्याच्या मागे, हाताच्या सांध्यात आणि मोटरच्या कडेला बघा. आपल्याकडच्या कामात जे सापडतं ते ठरलेलं आहे: अक्षतेचा दाणा, फुलाची पाकळी, फटाक्यातल्या चमकीचा तुकडा, गवताची काडी, डोक्याचा केस. केस सगळ्यात फसवा. तो मोटरच्या दांड्याभोवती गुंडाळतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चिमट्याने टोक पकडा आणि ज्या दिशेने गुंडाळलाय त्याच्या उलट हळू सोडवा. ओढलात तर तो आणखी आत जातो.

पुढचं, डॅम्परचे रबर. कॅमेऱ्याची चौकट ड्रोनच्या अंगाला थेट जोडलेली नसते, मधे छोटे रबर असतात आणि ते थरथर शोषतात. ड्रोन जोरात उतरला किंवा कव्हर तिरकं दाबून बसवलं की एखादा रबर खोबणीतून निसटतो. मग एकच कोपरा खाली लोंबतो, क्षितिज वाकडं दिसतं आणि चित्र लहरतं. सगळे रबर एक एक करून बघा. निसटलेला रबर प्लास्टिकच्या चिमट्याने खोबणीत परत बसवता येतो, पण तेव्हा केबलला ताण पडू देऊ नका. रबराला चीर गेली असेल तर बदला. फेव्हिक्विक लावू नका. कडक झालेला रबर थरथर शोषत नाही, उलट ती कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो.

मग ड्रोन डोळ्यांच्या रेषेत धरून समोरून बघा. गिंबलचे हात मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे किंवा पातळ ॲल्युमिनियमचे असतात. पडल्यावर ते अर्धा मिलिमीटर वाकले तरी पुरतं. त्याच मॉडेलचा दुसरा ड्रोन मित्राकडे असेल तर दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढा, फरक लगेच दिसतो. वाकलेला हात पक्कडीने सरळ करायला जाऊ नका. तो धातू परत वाकवताना तडकतो.

शेवटी रिबन केबल. पातळ पट्टीसारखी ही केबल सांध्याजवळ घडी घेते आणि तिथेच फाटते. भिंगाने घडीच्या कडा बघा. एखादी पांढुरकी रेघ किंवा कडेला बारीक चीर दिसली, तर इथेच थांबा आणि थेट आठव्या टप्प्यावर जा. फाटत आलेल्या केबलवर ड्रोन चालू करणं म्हणजे उरलेली केबलही फाडणं.

खूण: तिन्ही दिशा मऊ, रबर सगळे जागेवर, हात सरळ, केबल धड. चारही गोष्टी जमल्या तरच पुढे जा.

## ३. सफाई

सीमाभागात गिंबलचे तीन वैरी आहेत: तांबडी माती, उधळण आणि पावसाळी दमट हवा.

खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली तांबडी माती बारीक असते आणि तिच्यात लोह भरपूर. ड्रोन शेताच्या बांधावरून किंवा कच्च्या रस्त्यावरून उडवला की पात्यांच्या वाऱ्याने ती उडते आणि मोटरच्या फटीत जाते. त्यातले जे कण चुंबकाला ओढले जातात ते मोटरमधल्या चुंबकाला चिकटून बसतात, आणि ब्लोअरने जात नाहीत. पातळ सेलोटेपची कडा आत घालून हलके टेकवा, कण टेपला लागून येतात. उसाच्या फडावर पाचट पेटवलेलं असेल तर वर येणारी काजळी आणि राखही अशीच आत शिरते.

उधळण त्याहून वाईट. गणपती विसर्जनाचा गुलाल, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेतला भंडारा, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतले रंग. ही पूड पिठासारखी हलकी असते, हवेतला ओलावा शोषते आणि दोन दिवसांत घट्ट बसते. त्यामुळे मिरवणुकीवरून परतल्यावर सफाई त्याच दिवशी करा. ओल्या फडक्याने पुसू नका. आधी कोरडं काढायचं, ओलं नंतर.

क्रम असा:

१) ड्रोनचं नाक खाली करून धरा, म्हणजे सुटलेले कण खाली पडतात, आत जात नाहीत.
२) ब्लोअरने लांबून हवा मारा, मग जवळून.
३) ब्रशने सांधे झटका, ब्रश नेहमी आतून बाहेर.
४) अजून चिकटलेलं असेल तर कापसाची काडी अल्कोहोलने किंचित ओली करून पुसा. काडीतून थेंब पडता कामा नये.
५) पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या.
६) लेन्स सगळ्यात शेवटी, मऊ कापडाने.

इशारा: पंक्चरच्या दुकानातली किंवा पेट्रोल पंपावरची हवा मारू नका. त्या हवेत टाकीतलं पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल असतं, आणि तिचा जोर एवढा की धूळ बाहेर पडण्याऐवजी मोटरच्या आत बसते. तेलही नको: शिलाई मशीनचं नको, खोबरेल नको, गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच. गिंबलच्या मोटरला बाहेरून तेल लागत नाही. तेलावर धूळ बसून त्याचा चिखल होतो.

ड्रोन पावसात किंवा गोकाक धबधब्याच्या तुषारांत भिजला असेल तर बॅटरी लगेच काढा आणि 'चालतो का बघूया' म्हणून चालू करू नका. वरचं पाणी टिपा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत सोडा, तांदळाची भुकटी आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको, रबर आणि चिकटवलेले भाग सुटतात. जून ते सप्टेंबर जांबोटी, कणकुंबीकडे काम असेल तर सिलिका जेल बॅगेत कायमच ठेवा.

## ४. पहिल्यांदा वीज देताना

ड्रोन सपाट, टणक जागेवर ठेवा. गवतावर नको, कारण काड्या कॅमेऱ्याला लागतात. गाडीच्या बॉनेटवर नको, तिथे उतार असतो आणि इंजिन चालू असेल तर थरथरही. हातात धरून तर मुळीच नको. ड्रोनचे घडीचे हात उघडा, म्हणजे पुढचे हात कॅमेऱ्याच्या आड येत नाहीत. कव्हर काढलंय हे पुन्हा बघा. ओव्हरलोडचा संदेश कव्हरमुळेच येण्याचं प्रमाण मोठं आहे.

चालू करा आणि मोबाईलकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघा. चांगला गिंबल काही सेकंद इकडे-तिकडे हलतो, टोकं चाचपतो आणि समोर स्थिर होतो. तो कुठल्या दिशेला अडतो? वर जाताना थांबतो की कलताना? ती दिशा दुसऱ्या टप्प्यात टिपलेल्या जागेशी जुळते का?

घरघर किंवा गुणगुण ऐकू आली तर लगेच बंद करा. अडकलेली मोटर फिरत नाही पण वीज खात राहते, आणि ती सगळी वीज उष्णता होते. ड्रोन स्वतः संरक्षणासाठी मोटर बंद करतो खरा, पण तुम्ही चालू-बंद करत राहिलात तर दर वेळी ती नव्याने तापते. दोनदा बघा. तिसऱ्यांदा चालू करण्याआधी परत दुसऱ्या टप्प्यावर या.

लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) किंवा दुसरी काच बसवलेली असेल तर काढून बघा. मूळ कंपनीचे फिल्टर वजनाचा हिशेब करून बनवलेले असतात. बाजारातले स्वस्त फिल्टर जड निघाले तर कॅमेऱ्याचा तोल पुढे जातो आणि पिच मोटरवर सतत ताण राहतो.

## ५. सेटिंग

इथे पाच मिनिटं पुरे. गिंबल मोड 'फॉलो' वर आहे का बघा. तो 'एफपीव्ही' वर गेला असेल तर ड्रोन कलला की चित्रही कलतं, आणि माणूस बिघाड समजतो. ड्रोन दुसऱ्याला चालवायला दिला होता का, हे आठवा. उभ्या व्हिडिओचा मोड चालू राहिलाय का बघा. आधी कुणी रोलचं बारीक समायोजन करून ठेवलं असेल तर ते शून्यावर आणा. नाहीतर पुढचं कॅलिब्रेशन नीट होऊनही क्षितिज वाकडंच दिसेल. गोंधळ वाटला तर गिंबलची सेटिंग रीसेट करा.

## ६. कॅलिब्रेशन, आणि त्यातलाही क्रम

आता बटणाची वेळ आली. पण इथेही लोक थेट गिंबलवर जातात. गिंबल सरळपणा ठरवतो तो मोजणाऱ्या सेन्सरवर विसंबून, आणि ड्रोनच्या अंगातल्या आयएमयूचं माप चुकलेलं असेल तर गिंबलही गोंधळतो. म्हणून आधी फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर), मग आयएमयू, मग गिंबल.

फर्मवेअर. ड्रोन, रिमोट आणि ॲप तिन्ही अद्ययावत करा. बॅटरी अर्ध्याहून जास्त हवी. अपडेट चालू असताना वीज गेली आणि वायफाय बंद पडलं तर अडचण होते, तेव्हा मोबाईलचा डेटा तयार ठेवा. अपडेटनंतर सगळं बंद करून पुन्हा चालू करा. कधी कधी एवढ्यानेच भागतं.

आयएमयू. हे थंड ड्रोनवर करा. उडवून आणलेला, उन्हात गाडीत राहिलेला ड्रोन सावलीत ठेवून आधी घरच्या तापमानाला येऊ द्या. सकाळची वेळ उत्तम. ॲपमध्ये 'सेफ्टी' खाली सेन्सरच्या स्थितीत आयएमयू कॅलिब्रेशन सापडतं. ॲप चित्र दाखवतं तसा ड्रोन एकेका बाजूवर ठेवायचा. दर वेळी ठेवून हात काढा आणि पुढचं चित्र येईपर्यंत टेबलाला धक्का लागू देऊ नका. शेजारी मिक्सर, वॉशिंग मशीन किंवा पिठाची गिरणी चालू असेल तर थांबा, तेवढी थरथर माप बिघडवायला पुरते. झालं की ड्रोन बंद करून पुन्हा चालू करा.

गिंबल. 'कंट्रोल' खाली गिंबल कॅलिब्रेशन, त्यात 'ऑटो'. ड्रोन सपाट जागेवर, समोर मोकळी जागा, पंखा बंद. सुरू केल्यावर हात लावू नका, ओटा पुसायला जाऊ नका. कॅमेरा हळूहळू हलतो आणि टक्के वाढत जातात.

खूण: कॅलिब्रेशन प्रत्येक वेळी साधारण त्याच टक्क्यावर थांबत असेल, तर तो अडथळा यांत्रिक आहे. तिसऱ्यांदा करून ते सुधारणार नाही. ड्रोन बंद करा, बॅटरी काढा, परत दुसऱ्या टप्प्यावर जा. प्रत्येक वेळी वेगळ्या टक्क्यावर थांबत असेल, तर सैल कनेक्टर किंवा फाटत आलेली केबल असण्याचा संशय घ्या.

हाताने क्षितिज जुळवणं हे सगळ्यात शेवटी, आणि फक्त झुकाव किरकोळ आणि कायम एकाच बाजूला असेल तर. इथे एक चूक सर्रास होते. लोक डोंगराच्या रेषेवर क्षितिज जुळवतात. येळ्ळूरचा राजहंसगड असो की खानापूरकडचे सह्याद्रीचे कडे, डोंगराची रेघ कधीच समपातळीत नसते. शेताचे बांधही उताराला धरून असतात. त्याऐवजी एखादी पक्की इमारत निवडा, ड्रोन तिच्या समोर हवेत स्थिर करा आणि तिचा उभा कोपरा चौकटीच्या बरोबर मध्यात आणा. मध्यातली उभी रेघ ग्रिडच्या रेघेला समांतर झाली की रोल बरोबर. चौकटीच्या कडेची रेघ घेऊ नका, रुंद लेन्समुळे कडेच्या रेघा तशाही कलतात.

## ७. चाचणी उड्डाण

उडवण्याआधी जागा तपासा. सांबऱ्याचा विमानतळ बेळगावच्या अगदी जवळ आहे, तिथेच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारी हवा, फक्त २०० फुटांपर्यंतच असतो आणि ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा यलो झोन असतो, तिथे परवानगी लागते. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघूनच जा. हे नियम केंद्राचे आहेत, म्हणून निपाणीला एक आणि कागलला दुसरा असं काही नसतं.

सकाळी वारा पडलेला असताना मोकळ्या माळावर जा. आधी डोक्याएवढ्या उंचीवर मिनिटभर ड्रोन स्थिर ठेवून रेकॉर्ड करा. मग जागेवरच हळू पूर्ण गिरकी द्या. हे फार उपयोगी आहे: क्षितिज सगळ्या दिशांना सारखंच झुकलं तर रोलचं समायोजन राहिलंय. दिशेप्रमाणे झुकाव बदलत गेला तर आयएमयू परत करा. स्थिर असताना सरळ आणि जोरात वळताना तेवढं झुकलं, पुन्हा आपोआप सावरलं, तर ती गिंबलची मर्यादा आहे. स्पोर्ट मोडमध्ये ड्रोन इतका कलतो की गिंबलची हालचाल संपते. चित्रीकरण करायचं असेल तर नॉर्मल किंवा सिने मोड ठेवा.

जेलो तपासताना फिल्टर काढा. एनडी फिल्टर लावला की शटर हळू होतं आणि थरथर पुसट दिसते, म्हणजे दोष झाकला जातो. चाचणीत तो उघडा पडायला हवा. जेलो दिसला तर आधी पाती बघा. कडेला नखाएवढा टवका उडालेली पातीही पुरते. मिनीत एका हातावर दोन पाती असतात, त्या जोडीनेच बदला. एक जुनी आणि एक नवी लावली तर वजन जुळत नाही. पातीवरची खूण हाताच्या खुणेशी जुळतेय का बघा. पाती बदलूनही लहर राहिली तर परत डॅम्परच्या रबराकडे या. सगळं चांगलं झाल्यावर मग फिल्टर लावा, २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा.

गडावर किंवा घाटाच्या कड्यावर वाऱ्याचे झोत अचानक येतात. मिनी २ सेकंदाला १०.५ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटरच्या वाऱ्यात टिकतो, पण टिकणं वेगळं आणि चित्र स्थिर येणं वेगळं. गिंबल टोकाला पोचल्याचा संदेश कड्यावर आला तर ड्रोन खाली घ्या, थांबा. तिथे बसून कॅलिब्रेशन करू नका.

चित्रीकरण मोबाईलवर बघून समाधान मानू नका. घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, लहर तिथेच दिसते.

## ८. दुरुस्तीला देताना

फाटलेली केबल, वाकलेला हात, न फिरणारी मोटर, काळी स्क्रीन: ही घरची कामं नाहीत. केबल बदलण्याचे व्हिडिओ सोपे दिसतात, पण तिचे कनेक्टर नखाच्या टोकाएवढे असतात आणि एक तुटला की बोर्ड बदलावा लागतो.

दुरुस्त करणाऱ्याला तीन गोष्टी आधी विचारा. फक्त केबल बदलणार की पूर्ण गिंबल? भाग नवा की दुसऱ्या ड्रोनमधून काढलेला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिंबल बदलल्यावर त्याचं संगणकावरचं कॅलिब्रेशन तुमच्याकडे होतं का? पुष्कळ मॉडेलमध्ये नवा गिंबल नुसता जोडून चालत नाही, तो त्या ड्रोनशी विशेष सॉफ्टवेअरने जुळवावा लागतो. हे करता येत नाही असं उत्तर मिळालं, तर दर कमी असला तरी दुसरीकडे जा.

९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना मात्र त्या आदेशात मोकळीक आहे. त्यामुळे नवा ड्रोन घेण्यापेक्षा आहे तो जपणं आणि दुरुस्त करणं अनेकांसाठी शहाणपणाचं ठरतं. बाजारात भाग मिळतात, पण दर्जा वेगवेगळा, म्हणून जुना काढलेला भाग परत मागून घ्या.

ड्रोन कोल्हापूर, हुबळी किंवा बेंगळुरूला पाठवायचा असेल तर गिंबलचं कव्हर बसवा. कॅमेरा वाकडा अडकलेला असेल आणि कव्हर सहज बसत नसेल तर दाबून बसवू नका. कॅमेऱ्याभोवती मऊ फोम हलका भरा, टेप कॅमेऱ्याला लावू नका. पाती काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. बॅटरी लिथियमची असते, तेव्हा कुरिअरवाल्याला आधी विचारा, तो घेत नसेल तर बॅटरीशिवाय पाठवा. दुचाकीवरून स्वतः नेणार असाल तर ड्रोन डिकीत नको, पाठीवरच्या बॅगेत घ्या. खड्ड्यातले सगळे हादरे डिकीतल्या गिंबलला बसतात.

सोबत पहिल्या टप्प्यातला स्क्रीनशॉट, फर्मवेअरचा आकडा आणि ड्रोन कधी, कसा पडला ते कागदावर लिहून बॉक्समध्ये ठेवा.